जुन्या ब्रेकची दुसरी स्प्रिंग

हसू नका, पण परवा एका एवढ्याशा स्प्रिंगपायी मला रात्रभर झोप नव्हती. संध्याकाळी तळोद्यातल्या एका मेकॅनिकभाऊंकडे स्कूटीचे मागचे ब्रेक शू दोन्ही स्प्रिंगांसकट बदलून आणले होते. काढलेलं सामान मी मागून घेतेच, नाहीतर नवं टाकलं की नाही ते कसं कळणार? घरी पिशवी उघडली, तर जुने शू दोन आणि स्प्रिंग एकच. म्हणजे दुसरी जुनीच परत बसवली असणार. ती शाळेच्या उतारावर तुटली तर? मागे माझी पहिलीतली मुक्ता बसलेली असते. बी.एस्सी.ला पाठ केलेले स्प्रिंगचे सगळे नियम रात्री एकेक करून आठवले.

सकाळी मुक्ताला घेऊन थेट गॅरेजवर गेले.

"भाऊ, पिशवीत स्प्रिंग एकच कशी?"

"दोन्ही नव्या टाकेल शेतस, ताई."

"आणि काल नवे शू पॉलिश पेपरवर का घासत होतात? नवेच होते ना?"

"घास्याबिगर ब्रेक धरत नही." मग पाना उचलत म्हणाले, "तुमना इस्वास नही ना? थांबा, चाक खोलीसन दखाडस."

खरंच चाक उतरवलं. आत दोन्ही स्प्रिंगा कोऱ्या, चकचकीत. तरी मी हळूच विचारलंच, "मग ती जुनी गेली कुठे?"

मुक्ता म्हणाली, "माझ्या कंपासमध्ये. काल सांगतच होते, तर तू म्हणालीस, मोठी माणसं बोलताना मध्ये बोलायचं नाही."