मंडपाला लावलेली शिडी कोणी नेली

शिमुतान पोलीस ठाणे, जिल्हा म्याओली
नाव : फान यूलान. वय : ४९ वर्षे. व्यवसाय : विद्यापीठात जपानी भाषेची कंत्राटी अध्यापिका. राहणार : देवळाखाली, पूर्वीचे फान किराणा दुकान, शिमुतान.

मी वर नमूद बाई, आज ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझी आई चुंग मान्मेइ, वय ७९, अशा दोघीच राहतो. वडील हयात नाहीत. धाकटा भाऊ तैपेईत असतो व सणाला येतो. दुकान बंद होऊन बरीच वर्षे झाली, पाटी तशीच आहे. आईला विसर पडतो. मी घरातली आहे हे तिला कळते, पण मुलगी आहे हे रोज कळतेच असे नाही.

विद्यापीठ खाली सपाटीवर आहे. रस्ता धड असला तर बसने दीड तास लागतो आणि रस्ता क्वचितच धड असतो. या वर्षी (२०१२) वसंतात विद्यापीठाच्या संगणक विभागाने लांब पल्ल्याच्या बिनतारी इंटरनेटची चाचणी सुरू केली. डोंगरातल्या गावांतून येणारे विद्यार्थी व कर्मचारी यांना खिडकीत ठेवायचा एकेक डबा दिला. विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून लहरी सुटणार आणि आम्ही त्या घरबसल्या पकडणार, असे आम्हाला समजावले होते. आमच्या घरी काहीच पकडले जाईना, कारण मध्ये टेकडी आहे. तेव्हा विभागाचे तंत्रज्ञ काओ योंगशिन, वय २९, राहणार ताइचुंग, हे येऊन गावभर फिरले. लहरी पुढे पाठवणारे यंत्र खांबावर बसवायला, मनोरा आणि माझी खिडकी दोन्ही दिसतील अशी एकच जागा त्यांना सापडली. ती म्हणजे थोरल्या आजोबांच्या देवळापुढच्या मंडपाचे छप्पर. ठाणे अंमलदार साहेब नुकतेच दक्षिणेकडून बदलून आले आहेत म्हणून सांगते की, आम्ही हक्का लोक जमिनीच्या देवाला थोरले आजोबा म्हणतो.

आजोबांच्या डोक्यावर काही चढवायचे तर कौल लावावा लागतो. देवळाची व्यवस्था पाहणारे फंग चिनफा, वय ७१, ज्यांना सगळे आफाकाका म्हणतात, यांनी काओ यांच्या हातात कौलाच्या दोन लाकडी फाका दिल्या. एक उताणी व एक पालथी पडली तर होकार. दोन्ही पालथ्या पडल्या तर नकार. दोन्ही उताण्या पडल्या तर आजोबा हसले. होकार ओळीने तीनदा लागतो. काका म्हणाले, "नाव सांग, गाव सांग, काय पाहिजे ते नीट सांग. आजोबांना मोघम चालत नाही." काओ यांनी विचारले, "फान बाईंच्या घरी वर्ग भरावा म्हणून इथे खांब लावू का?" ओळीने तीन होकार आले. खांब किती दिवस राहणार हे त्यांनी विचारले नाही आणि काकांनीही सुचवले नाही. ती चूक दोघांची धरावी.

खांब उभा राहिल्यावर त्याला हिरव्या पाकिटातला मक्याचा खाऊ बांधला. त्या खाऊच्या नावाचा अर्थ 'शहाणा' असा होतो, म्हणून यंत्र शहाण्यासारखे वागावे या समजुतीने संगणकवाले सगळीकडे बांधतात तसाच. त्या दिवसापासून मी आठवड्यातले बहुतेक तास घरून घेऊ लागले. मुले खाली वर्गात पडद्यासमोर बसत, मी आमच्या स्वयंपाकघरात. आई शेजारच्या खुर्चीत असे. तिचे लहानपण जपानी अमलात गेले, शाळा जपानीत झाली, आणि बाकी सगळे गळून गेले तरी ती भाषा तिच्याजवळ शाबूत आहे. ती पडद्याकडे वाकून मुलांना स्वच्छ जपानीत विचारते, "जेवलात का? मागच्या बाकावरचा तो, तू फार वाळलास. घरी कोणी बघत नाही का तुझ्याकडे?" मुलेही तशीच जपानीत उत्तरे देतात, "जेवलो, आजी. हा जन्मापासून वाळलेलाच आहे." त्या तासाला ती मला बाई म्हणते व हात वर करून बोलते. एरवी दिवसभरात ती इतके बोलत नाही. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांनी हा मजकूर प्रकरणाशी संबंधित नाही असे सांगितले. तो लिहावा असा माझा आग्रह आहे.

या महिन्याच्या सुरुवातीला विभागाने कळवले की चाचणी संपली, निष्कर्ष उत्तम आले, सामान ज्या कंपनीचे होते तिला परत जाईल आणि सर्वांनी पूर्वीप्रमाणे वर्गात हजर राहून शिकवावे. सहामाही संपेपर्यंत थांबा अशी विनंती मी केली, ती मान्य झाली नाही. माझे कंत्राट दरवर्षी नव्याने करावे लागते. मी खाली गेले नाही तर ते होणार नाही, आणि गेले तर आईजवळ कोणी नाही. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, किती ओढणार आहेस? इकडे वृद्धांसाठी चांगली जागा आहे, नर्स असते, टीव्ही असतो." मी म्हणाले, "टीव्हीला काय विचारणार ती, जेवलास का म्हणून?"

काओ पहिल्यांदा खांब काढायला आले तेव्हा आफाकाकांनी त्यांना अडवले. "लावताना विचारलंस ना? मग काढतानाही विचार. पोरखेळ आहे का?" काओ यांनी कौल लावला. आजोबा आधी हसले, मग नाही म्हणाले, मग पुन्हा नाही म्हणाले. काओ यांनी विभागप्रमुखांना फोन केला. प्रमुखांचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता : "लाकूड पालथं पडलं म्हणून यंत्र सोडून येणार का तुम्ही? पुढच्या खेपेला विचारत बसू नका, काढून आणा." काओ रिकाम्या हाताने परत गेले. मला त्या दिवशी फार आनंद झाला. मी काकांना कोंबडी करून वाढली.

परवा, गुरुवारी, दुपारच्या जेवणानंतर मी दुसऱ्या वर्षाची ऐकण्याची परीक्षा घेत होते. कानावर हेडफोन होते. आई शेजारी होती. ती केव्हा उठली ते मला सांगता येणार नाही. परीक्षेच्या मध्येच पडदा गोठला आणि संपर्क तुटला. खिडकीतून पाहिले तर मंडपाच्या छपरावर काओ दोन्ही हात हलवत उभे होते. मी बाहेर गेले. आमचे बोलणे झाले ते असे.

"वायर तुम्ही काढलीत?"

"हो बाई. शिडी गेली. ओरडून ओरडून घसा बसला, फोन खाली गाडीत राहिला. तुमचा वर्ग तोडला तरच तुम्ही बाहेर याल, दुसरं काही सुचेना."

"काकांना विचारलंत का, खांबाला हात लावायच्या आधी?"

"काका बाजारात गेले होते. मी आजोबांना नमस्कार केला, बिस्किटं ठेवली."

"आणि शिडी कोणी नेली?"

"तुमच्या आईंनी. म्हटलं, आजी, राहू द्या. त्या म्हणाल्या, भाड्याने नेलेल्या वस्तू अंधार पडायच्या आत परत करायच्या असतात, तुम्हा लोकांना कितीदा सांगायचं."

याबाबत खुलासा करते की, दुकान चालू असताना तांबड्या फळांच्या, म्हणजे पर्सिमनच्या हंगामात आम्ही बागवाल्यांना शिड्या भाड्याने देत असू. संध्याकाळी आई स्वतः बागोबाग फिरून त्या गोळा करी. सध्या तोच हंगाम आहे. काओ यांची शिडी अॅल्युमिनियमची, घडीची व हलकी आहे. ती आमच्या दुकानाच्या दाराशी व्यवस्थित टेकवून ठेवलेली मी पाहिली. आई देवळाच्या पायरीवर बसली होती.

मी काओ यांना म्हणाले, "वायर परत लावा." ते म्हणाले, "आधी शिडी द्या." मी म्हणाले, "आधी वायर. मुलांची परीक्षा चालू आहे." त्यांनी वायर लावली. मी आईला "इथेच बस हं" असे सांगितले आणि घरात जाऊन परीक्षा पुढे घेतली. शिडी लावली नाही. तो माणूस उतरला असता तर खांब घेऊनच उतरला असता, हे मला कळत होते. मला राग आला होता, त्यांचा नव्हे, पण समोर तेच होते. हवालदारांनी हा भाग वगळायचा का असे विचारले. वगळू नये.

थोड्या वेळाने संपर्क पुन्हा तुटला. काओ यांना चांगले सुनवावे म्हणून मी बाहेर पडले. त्यांचा आवाज पूर्ण बसला होता. ते छपराच्या कडेशी गुडघ्यावर बसून पुलाकडे बोट दाखवत होते. पायरीवर आई नव्हती.

पुराने आमच्या पुलाचा एका बाजूचा कठडा नेला आहे व तो अजून बांधलेला नाही. आई पुलाच्या मध्यावर, कठडा नसलेल्या बाजूने चालली होती. मी धावत जाऊन तिचा हात धरला. ती म्हणाली, "पलीकडच्यांकडे दोन राहिल्यात. तू दुकानात थांब, मी आलेच." मी म्हणाले, "आल्या गं सगळ्या, सगळ्या परत आल्या." तिला घेऊन घरी आले. त्यानंतर मंडपाला शिडी लावली.

काओ उतरले. खांब त्यांनी आणला नाही. वायर मात्र परत लावली होती. आई त्यांना म्हणाली, "पुढच्या वेळी सांगून न्यायची हं." ते म्हणाले, "हो आजी." आमच्याकडे चहा घेऊन ते गेले. वर असताना भूक लागून त्यांनी खांबाचा हिरवा खाऊ खाल्ला, हे त्यांनी मला स्वतः सांगितले आणि विभागात सांगू नका म्हणाले. ते मी इथे सांगून बसले, त्याबद्दल त्यांची माफी मागते.

काल विभागाने आफाकाकांविरुद्ध तक्रार दिल्याचे समजले, की त्यांनी शिडी काढून कर्मचाऱ्यास डांबले. काओ यांनी स्वतः तक्रार दिलेली नाही. काकांनी शिडी आपणच नेली असे कबूल केल्याचेही समजले. ते खोटे आहे. आज सकाळी ठाण्याच्या दाराशी ते मला म्हणाले, "यूलान, तू आईचं नाव काढू नकोस. कागदावर आलं की तुझा भाऊ तिला दुसऱ्या दिवशी घेऊन जाईल. मला म्हाताऱ्याला कोण काय करणार आहे?" त्यांचे उपकार मला फेडता येणार नाहीत. पण शिडी माझ्या आईने नेली, आणि नंतर माणूस वर आहे हे ठाऊक असून ती मी लावली नाही. काकांचा यात काडीचा संबंध नाही.

विचारल्यावरून आणखी सांगते की, गुरुवारी संध्याकाळी मी स्वतः देवळात जाऊन कौल लावला. खांब काढू द्यावा का, असे विचारले. तिन्ही वेळा नकार आला. आजोबा हसलेसुद्धा नाहीत. काका फाका उचलत म्हणाले, "खांबाचं काय विचारतेस? जे विचारायचंय ते विचार की."

आईबद्दलचे ते मी अजून विचारलेले नाही. खांब मंडपावर आहे. पुढचा तास सोमवारी आहे.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला आहे, खरा आहे, म्हणून खाली सही करते. वाचन चालू असताना आई माझ्या शेजारी बसून होती. संपल्यावर तिने हात वर केला आणि म्हणाली, "बरोबर आहे, बाई." तिची सही घेतलेली नाही.

(सही) फान यूलान