हँडल सोडून बघ

(दुपार. पडवीत मोटारसायकल. आत फरशीवर एक झाकण पडतं, गरगरत गरगरत थांबतं.)

आबा : काय पडलं गं?

अंकिता : दुधावरचं झाकण. मांजर असेल. तुम्ही उठू नका आबा. डोळ्यांवरची पट्टी निघेपर्यंत वाकायचं नाही, मिरजेच्या डॉक्टरांनी मला दोनदा बजावलंय.

आबा : खुर्चीतच हाय म्या. इट बसली का इंजिनाखाली?

अंकिता : बसली. पुढचं चाक अधांतरी आहे.

आबा : पलटणीत तुझ्यासारखा हेल्पर असता तर गाडी सांजपातूर इटंवर चढली नसती.

अंकिता : आता चढलीय ना. क्रांती, चाकात बोट घालू नको.

आबा : चाकाम्होरं बस. चाकाच्या दोन्ही बाजूच्या नळ्या खालनं धर आन् पुढं-मागं हलीव. टकटक लागती का?

अंकिता : नाही लागत.

आबा : न्हाईच लागायची. लागत हुती म्हणून तर म्या नट आवळला, त्या आयतवारी. हँडलाच्या मानंत वर-खाली दोन बेरिंगा असत्यात. ढिल्या ऱ्हायल्या की ब्रेक मारल्यावर हादरं बसत्यात. मानसिंग म्हनला, वडूजला मिस्त्रीला दावतो. म्या म्हनलं, बापानं बावीस वर्सं फौजेच्या गाड्या खोलल्या, आन् एका नटासाठी मिस्त्री?

अंकिता : किती वेळा सांगाल हे, आबा?

आबा : आजच्याला सांगू दे. नट आवळला की हँडल फिरवून बघायचं असतंय. बघितलं म्या. पण साखरंनं बोटं मेल्यात माझी. चहाचा कप गरम हाय का गार, कळत न्हाई. डोळ्यावरबी तवा पडदाच हुता. कुणाला बोललो न्हाई. पोरालाबी न्हाई.

अंकिता : लोक म्हणतात, ते फोनवर बोलत होते.

आबा : लोकं कायबी म्हनत्यात. फोन खिशात हुता त्येच्या, म्या काढून घेतला. त्या वळणावर गाडी वळलीच न्हाई, सरळ गेली. त्येचं डोस्कं बांधाच्या दगडावर, आन् गाडी मक्यात आडवी. तिला ओरखडाबी न्हाई. तवा आज मानंत जे आवळलेलं गावंल, ते माझंच. पडून झालेलं न्हवं.

अंकिता : आबा...

आबा : निघताना काय बोलला का गं? हँडल जड लागतंय, असलं काय?

अंकिता : नाही. डबा घेतला, क्रांतीला कोपऱ्यापर्यंत फिरवून आणलं, गेले.

क्रांती : आई, पप्पा तर...

अंकिता : बाळा, आबांना तांब्याभर पाणी आण जा.

आबा : ऱ्हाऊ दे पाणी. आता हँडल सरळ धर. बोटानं जराशी डावीकडं लोट आन् सोडून बघ. आपल्या वजनानं कडंला जाऊन ठोका वाजला पाहिजे. तिथंच ऱ्हायलं, तर लय आवळलंय. लोटलंस?

अंकिता : हो.

आबा : पडलं का कडंला?

अंकिता : पडलं.

आबा : ठोका ऐकू आला न्हाई.

अंकिता : मी अलगद धरलं. टाकीला लागेल म्हणून.

आबा : धरू नगंस. परत सोड.

अंकिता : सोडते. हे बघा.

आबा : आला. उजवीकडं?

अंकिता : तिकडंही. ऐकलंत?

आबा : ऐकलं. दोन्हीकडं आला.

अंकिता : तुमचा हात बरोबर होता, आबा.

आबा : दोन महिनं पोरी, ताटावर बसलो की त्यो पाना दिसायचा हातात.

अंकिता : चला आत. भाकरी वाढते. आज अर्धी टाकायची नाही.

आबा : न्हाई टाकत. उद्या वीरधवल येईल गाडी न्यायला. माझा पुतण्या हाय, परका न्हाई. कालिजला रोज विट्याला जातंय पोरगं. त्येला म्हनावं, बिनघोर ने.

अंकिता : मी त्याला सांगितलंय, चालवायची नाही. टेम्पोत घालून आधी मिस्त्रीकडं.

आबा : टेम्पोत कशाला? ठीक हाय न्हवं?

अंकिता : दोन महिने उभी आहे, आबा. ग्रीस वाळलं असेल. मागच्या चाकात हवाही नाही.

आबा : हवा न्हाई व्हय.

अंकिता : नाही.

आबा : मग बरं केलंस. तू ऱ्हा हितं, इट काढ. म्या भिंतीला धरून जातो. भाकरी माझी म्या घेतो आज.

अंकिता : पायरी आहे, जपून.

क्रांती : आई, आबा गेले?

अंकिता : गेले. हळू बोल.

क्रांती : हँडल तिथंच राहिलेलं. मग तू तळहातानं जोरात ढकललंस. दोन्ही वेळा.

अंकिता : हं.

क्रांती : पप्पा पण म्हणालेले त्या दिवशी. मी पुढं बसलेले ना. म्हणाले, आज हँडल लय जड झालंय, संध्याकाळी ढिलं करू, आबांना सांगू नको.

अंकिता : ये इकडं. हात काळे झालेत तुझे, पुसू दे.

क्रांती : आबा झोपताना मला सगळं विचारतात, दिवसभर काय काय झालं ते. त्यांनी विचारलं, तर मी पण ‘पडलं’ म्हणू?