दोघांचा कन्सेंट

नवऱ्याची तपासणी आटपेपर्यंत शिंपीणबाई अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर टेकल्या होत्या. पाठीमागच्या बाकावर एक बहीणभाऊ हलक्या आवाजात बोलत होते. बाईंना ऐकायचं नव्हतं, पण कानांना झाकण कुठे असतं?

"बाबांचा श्वास आता फक्त मशीनवर चाललाय. ते बंद करायला डॉक्टरांना दोघांचा कन्सेंट हवाय."

"माझा आहे म्हणून सांग, ताई. तू ठरवशील ते मला मान्य."

"आत ये, त्यांना बघ आणि मग सांग."

"आत येऊन काय वेगळं होणार आहे?"

"जन्मभर इंग्रजी शिकवलं त्यांनी. कन्सेंटचा अर्थ काय सांगायचे, आठवतं?"

"ही काय वेळ आहे का, ताई?"

"सांग ना."

"लॅटिनमधून आलाय. कॉन म्हणजे सोबत, सेंतिरे म्हणजे जाणवणं. सोबत जाणवणं."

"कधी सांगितलं होतं?"

"ढब्बूला शेवटचं इंजेक्शन द्यायचं होतं तेव्हा. मी 'द्या' म्हणालो आणि गच्चीवर पळालो."

"आणि बाबांनी डॉक्टरांना थांबवून ठेवलं. तू खाली येऊन कुत्र्याच्या पाठीवर माझ्याशेजारी हात ठेवलास, तेव्हाच सुई टोचू दिली."

"ढब्बूचं अंग ऊन होतं गं."

"हो."

"बाबांचा हात गार असला तर?"

"तर दोघांनाही गार लागेल."

 पाठीमागचा बाक करकरला.

"ताई, चपला इथेच काढायच्या का?"