घाऱ्या डोळ्यांचा धडा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी शिक्षक आणि खुर्च्या संपल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले माझे आजी-माजी विद्यार्थी,

आत्ता मुख्याध्यापक म्हणाले, "आनुवंशिकतेचा धडा शिकवावा तर सरांनीच." टाळ्याही पडल्या. त्या टाळ्या मला घेववत नाहीत. का, ते सांगतो.

काळ्या डोळ्यांचा गुण प्रभावी, घाऱ्यांचा अप्रभावी. अप्रभावी गुण पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसतो आणि आई-वडील दोघांकडूनही आला, तरच दिसतो. एकतीस वर्षं मी हे फळ्यावर लिहिलं.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी माझ्या थोरल्या भावाला मुलगी झाली. डोळे घारे. आमच्या घरात सगळ्यांचे काळे, वहिनीचेही काळे. आई म्हणाली, "हे आपल्या घरातलं नाही." मी नेमक्या याच धड्याच्या वह्या तपासत बसलो होतो. दादाने विचारलं, "तू सायन्सवाला ना? सांग, होतं का असं?"

वहिनी बाळाला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. माझ्याकडे बघत होती.

एका वाक्याचं काम होतं हो! पण दादापुढे तोंड उघडायची मला सवय नव्हती. म्हणालो, "नक्की काही सांगता येत नाही." आणि पुढची वही ओढली.

आठवड्याभरात वहिनी लेकीला घेऊन माहेरी गेली. ती कायमचीच.

गेल्या वर्षी मला नातू झाला. घाऱ्या डोळ्यांचा. दादाने त्याला मांडीवर घेतलं आणि कौतुकाने म्हणाला, "थेट आपल्या पणजोबांवर गेलाय! बाबा सांगायचे, त्यांचे अस्सेच घारे होते."

मी विचारलं, "दादा, हे तुला तेव्हा नाही आठवलं?"

"तेव्हा तू तरी कुठे बोललास?"



दुसऱ्या दिवशी वहिनीच्या दारात जाऊन उभा राहिलो. सगळा धडा सांगितला, माफी मागितली. ती शांतपणे म्हणाली, "भावजी, माझं खरं मला ठाऊकच होतं. ते तुम्ही तिथे बोलायला हवं होतं, त्यांच्यासमोर." आणि दार लावून घेतलं. योग्यच केलं.

असो. आपण फुलं दिलीत, वेळ दिलात, आभारी आहे. वर्गात कुणाला विनाकारण रागावलो असेन, कुणाचे गुण कापले असतील, तर मोठ्या मनाने विसरून जा. वहिनीच्या बाबतीत मात्र मला माफ करण्याचा अधिकार या सभागृहात कुणालाही नाही.