आरशासारखा ओटा

मी घाई करतो म्हणता ना, मग आमच्या ओट्याचं ऐका. बी.ए. करून लाखांदूरकडच्या आमच्या गावी परतलो, तेव्हा मजूर बायांसाठी साक्षरता वर्ग काढायचाच, असा मी चंग बांधला होता. वर्गाला जागा हवी, म्हणून घराला लागून ओटा बांधायला घेतला. गवंडी म्हणाला, "शहाबादी फरशी टाकू, नाही तं सिमेंट खरबडीतच ठेवू." मी कशाला ऐकतो! लाल रंग टाकून आरशासारखा घोटून घेतला. मजुरांनीही चांगल्या जागी बसून शिकावं, हे माझं तत्त्व.

पहिल्या दिवशी बांधीतला धानाचा रोवणा आटोपून दहा बाया आल्या आणि खालीच थांबल्या.

"बसा ना वर! काहून उभ्या राहिल्या?"

शेवंताबाई म्हणाली, "भाऊ, याच्यात तं तोंड दिसते. चिखलाचे पाय कसे ठेवाचे?"

मी समतेवर पाच मिनिटं बोललो. एकीनंही पाऊल उचललं नाही. तेवढ्यात आई शेणाची बादली घेऊन आली आणि सरळ ओटा सारवायला लागली.

"आई, हे काय करून राहिली?"

"बाया बसवून राहिली."

आता बाया बसायला तयार, पण सारवण ओलं! पावसाळी हवेत ते वाळता वाळेना. मी दर मिनिटाला वाकून बोट लावून बघत होतो, चडफडत होतो.

शेवटी शेवंताबाईच म्हणाली, "भाऊ, तवरीक एखादं अक्षर खालीच शिकव ना!"