साखर तपासायची तयारी

डोंगरकड्याच्या शिबिरात साखर तपासायच्या रांगेत माझ्यापुढं दोघी शेजारणी उभ्या होत्या.

"गोजरबाई, काहून भिऊन राहिली? मी बघ, शिबिराचं कळल्यापासून गोड तोंडात घातलं न्हाई. रोज कारल्याचा रस पिऊन राहिले. रिपोट चांगलाच येनार!"

"आन् उद्यापासून, रुक्माबाई?"

"उद्या कशाला? सुनंनं आताच पुरन घातलंय शिजायला."

"मंग तुझ्या पायाच्या अंगठ्याची जखम काहून भरंना?"

"भरंल की! नर्सबाईला दिसू न्हाई म्हनून पोराचे मोजे घालून आले. दिसली की म्हननार, साखर हाय!"

गोजरबाईनं हाक मारली, "सिस्टर, ओ सिस्टर! हिचं बोट नंतर टोचा. आधी मोजे काढा."