ॲलिसबाईंनी उतरवलेलं बॉम्बर

आजच्या या समारंभाचं अध्यक्षपद ज्यांनी आपुलकीने स्वीकारलं ते आपल्या संस्थेचे आदरणीय काळूराम पाटीलसाहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या मुख्याध्यापिका आनंदी म्हात्रेबाई, उत्तनहून वाट वाकडी करून आलेले फादर, माझे सहकारी शिक्षक-शिक्षिका, मागच्या रांगांत दाटीवाटीने उभे असलेले आजी-माजी विद्यार्थी, आईला न्यायला मस्कतहून आलेली शर्लिन, आणि हार घालून घेताना ज्यांना नेहमीच अवघडल्यासारखं होतं त्या आजच्या सत्कारमूर्ती ॲलिस घोन्साल्विसबाई! आपणां सगळ्यांना माझा नमस्कार.

मी कृतिका भोईर. इथे विज्ञान शिकवते. मराठी विषयातल्या माणसाच्या निरोपाला विज्ञानाची बाई का उभी केली, असा प्रश्न पाटीलसाहेबांच्या चेहऱ्यावर मला दिसतोय. साहेब, त्याचं उत्तर माझ्या भाषणातच आहे. थोडा धीर धरावा.

बाईंच्या अध्यापनाबद्दल माझ्या आधी चांगले वक्ते बोलले. नवीन पालक आडनाव ऐकून विचारायचे, "घोन्साल्विस? और मराठी पढ़ाती हैं?" बाई हसायच्या आणि पुढच्या तासाला त्यांच्याच मुलाकडून फळ्यावर 'शुश्रूषा' लिहून घ्यायच्या. गोडदेवच्या या शाळेत असा एक वर्ग दाखवा, ज्याने बाईंचं श्रुतलेखन लिहिलं नाही. स्वच्छ, सावकाश, प्रत्येक अक्षराला त्याचा मान देणारा आवाज. त्या आवाजाने शाळेबाहेर काय केलं, ते मला सांगायचंय. बाईंना परवा विचारलं, "बाई, विमानाचं सांगू?" त्या म्हणाल्या, "सांग. पण मला रडवू नको." तो शब्द मी पाळीन असं मी म्हणाले नव्हते, हे इथे नोंदवून ठेवते.

आपल्यापैकी अनेकांनी बाईंचे यजमान मार्क अंकल यांना पाहिलंय. स्नेहसंमेलनाला शेवटच्या खुर्चीवर बसून सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणारे ते. विमानतळावर त्यांनी आयुष्यभर ट्रॅक्टर चालवला. प्रवासी भरलेलं विमान स्वतःहून मागे सरकत नाही, त्याला नाकाकडून ढकलत मागे न्यावं लागतं. अंकलचं काम तेच. विमान ढकलायचं, ट्रॅक्टरला जोडणारा तो लोखंडी दांडा सोडवायचा, हात हलवायचा. विमान जायचं, अंकल तिथेच. निवृत्त झाल्यावर लेकीने, शर्लिनने, त्यांना एक दणकट कॉम्प्युटर, विमान वळवायची ती जॉयस्टिकची दांडी आणि घरबसल्या विमान चालवायचा तो खेळ घेऊन दिला. खेळ म्हटलेलं अंकलना आवडत नसे. "सिम्युलेटर बोल," म्हणायचे.

प्रवासी विमानं त्यांना नकोच होती. "ती सगळी माझ्या वळखीची," म्हणायचे. त्यांनी वेगळं जोडून घेतलं ते एक जुनं अमेरिकन बॉम्बर. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारं, त्रिकोणी पंखांचं, सुरीसारखं. बाईंनी एकच अट घातली. "माझ्या घरातून बॉम्ब पडणार न्हाय." अंकलनी मान्य केलं. त्या बॉम्बरने, मी साक्षीदार आहे, कधीही काहीही टाकलं नाही.

आणि मग रक्तातल्या साखरेने अंकलच्या डोळ्यांचा पडदा खाल्ला. आधी उजवा, मग लेझर करूनही डावा. उजेड-अंधार कळायचा, बाकी काही नाही. आपल्याला मधल्या सुट्टीत बाई नेहमीसारख्याच दिसायच्या, नाही का? डबा उघडायच्या, चौकशा करायच्या. घरी मार्क अंकल भिंतीकडे तोंड करून झोपलेले असायचे. जेवण नको, चर्च नको, समुद्रावर चक्कर नको. एकदा ते बाईंना म्हणाले, "माज्या मागं तू सुटशील." बाईंनी हे मला स्टाफरूममध्ये सांगितलं, पेपर तपासता तपासता, मान वर न करता.

त्या दिवशी घरी जाऊन बाईंनी काय केलं? त्यांना देवाचं नाव घेऊन समजावलं? नाही. त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला. बॉम्बरच्या इंजिनांचा आवाज घरभर झाला. अंकल भिंतीकडे तोंड करूनच ओरडले, "बंद कर ते!"

"बंद कसं करतात मला ठाऊक न्हाय," बाई म्हणाल्या. "तुम्हीच या. समोर एक काटा हाय, तो थरथरतोय. कशाचा हाय तो?"

अंकल भिंतीकडून या कुशीवर वळले. मग म्हणाले, "कुठल्या बाजूला हाय?"

असं ते सुरू झालं. दांडी अंकलच्या हातात, आणि बाजूला स्टुलावर बाई, श्रुतलेखनाच्या आवाजात. "वेग... उंची... नाक थोडं खाली... अजून थोडं..." सुरुवातीला विमान दर वेळी पडायचं. पण अंकल जेवायला लागले होते.

आता माझा भाग. एकदा बाईंनी मला विचारलं, "कृतिका, हे 'माक' काय असतं गं? आणि गुरुत्वमध्य मागे सरकला म्हणजे नक्की काय सरकलं?" माक म्हणजे आवाजाच्या वेगाच्या किती पट, हे सांगून बाकीचं मी फळ्यावर काढून दाखवलं. बाईंना पटलं नाही. "तू उत्तनला घरीच ये." एका शनिवारी शाळा सुटल्यावर गेले, आणि त्यानंतर माझे कितीतरी शनिवार उत्तनलाच गेले. त्या विमानाला वेगाप्रमाणे पोटातलं इंधन मागे-पुढे न्यावं लागतं, नाहीतर तोल जातो. ते काम माझ्याकडे आलं.

खऱ्या बॉम्बरमध्येही तीनच माणसं असायची. एकामागे एक, तीन वेगळ्या खोपट्यांत. एकमेकांची तोंडं दिसत नसत, कानात नुसता आवाज. हे मी वाचून सांगितलं तेव्हा अंकल आंधळे झाल्यानंतर पहिल्यांदा मोठ्याने हसले. "म्हंजे तेन्लाबी बायको दिसत नव्हती!"

त्यांचा हट्ट एकच असायचा. मुंबईच्या धावपट्टीवरून उडायचं आणि उत्तनवरून जायचं. "खाली काय दिसतंय, ॲलिस?" पडद्यावर काय दिसायचं, तर हिरवा डाग, निळा डाग, मध्ये दोन-चार खोकी. चर्चसुद्धा नाही. पण बाई सांगायच्या, "बोंबील वाळत घातलेत. बांबूच्या वलांड्या बोंबलांनी भरल्यात. चौकच्या बंदरावर होड्या लागल्यात, त्यातली एक निळी. तुमच्या बहिणीच्या दारात कोणीतरी उभं हाय..." आणि तेवढ्यात गाव संपायचं. आवाजाहून वेगवान विमान ते, बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत समुद्रावर जायचं.

"परत वळव," अंकल स्वतःलाच म्हणायचे. वळायला अर्धा गुजरात लागायचा. परत यायचे. बाई वाक्य जिथे तुटलं तिथून उचलायच्या.

एकदा अंकलनी वेग कमी करायला घेतला. मी म्हटलं, "अंकल, हे विमान हळू उडत नाही. पडेल." ते म्हणाले, "दोन मिनिटं तर दे गो, गाव बघू दे." बाई सांगत राहिल्या, जाळी विणणारी माणसं, ताडाची झाडं, क्रूस. अंकल वेग कमी करत राहिले. विमानाने मान टाकली आणि ते सरळ खाली गेलं, त्यांच्याच गावावर. पडद्यावर लाल अक्षरं आली. अंकलनी चाचपडत बाईंचा हात शोधला आणि म्हणाले, "पन दिसलं. सगलं दिसलं."

अध्यक्षमहोदय, वेळेकडे माझं लक्ष आहे. आपण घड्याळ पाहिलंत ते मला दिसलं. थोडंच राहिलंय.

मागच्या वर्षी अंकलची मूत्रपिंडंही थकली. डायलिसिसवरून आले की दिवसभर अंगात त्राण नसायचं. बाईंनी रजा घेतली नाही असं नाही, पण दहावीचा अभ्यासक्रम पुरा केला. तुमच्यापैकी जे त्या वर्गात होते त्यांनी आज घरी जाऊन याचा विचार करावा. त्यानंतर डॉक्टरांनी शर्लिनला बोलावून घ्यायला सांगितलं. ती यायच्या आदल्या दुपारी अंकलनी बाईंना म्हटलं, "कृतिकाला बोलव. एकदा नीट उतरवायचं हाय. माज्या एअरपोर्टवर."

तुम्हाला सांगते, इतके महिने आम्ही ते विमान एकदाही धड उतरवलं नव्हतं. भयंकर वेगाने, नाक वर करून ते टेकवावं लागतं, आणि टेकल्यावर मागे पॅराशूट उघडून थांबवावं लागतं. नाक इतकं वर, की डोळस वैमानिकालाही समोरचं धड दिसू नये.

अंकलच्या पाठीला दोन उशा लावल्या. दांडी त्यांच्या हातात दिली. समुद्रावर जाऊन आम्ही वळलो. बाई वाचत होत्या, "वेग... उंची... डावीकडे थोडं... मार्क, डावीकडे..." मी इंधन पुढे घेतलं. धावपट्टी दिसायला लागली. आणि अंकलचा हात गळाला. दांडी एका बाजूला गेली ती गेलीच. मला दिसत होतं की धावपट्टी पडद्याच्या कडेला चाललीय. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. घट्ट.

बाई त्याच आवाजात वाचत राहिल्या. "उंची कमी होतेय. नाक वर. छान. अगदी मधोमध हाय." विमान धावपट्टीच्या बाहेर कुठल्याशा इमारतींवर आदळलं. आवाज तुटला. लाल अक्षरं आली.

"टेकलं," बाई म्हणाल्या.

"टेकलं?"

"टेकलं, मार्क."

"मागचं पॅराशूट उघडलं?"

"उघडलं. वेग कमी होतोय. थांबलं."

अंकलनी कानावरचे हेडफोन काढले, मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. चेहऱ्यावर काय होतं ते मला शब्दांत सांगता येणार नाही. मराठीच्या बाई त्या आहेत, मी नाही. बाई चहा ठेवायला आत गेल्या. शर्लिन दुसऱ्या दिवशी आली, आणि त्या आठवड्यातच मार्क अंकल गेले.

इथपर्यंतचं सांगायची परवानगी मी घेतली होती. यापुढचं विचारलेलं नाही. बाई, मला क्षमा करा.

गेल्या रविवारी मी बाईंकडे सामान बांधायला गेले होते. बशा कागदात गुंडाळता गुंडाळता बाई मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "कृतिका, लग्नापासून मी त्याच्याशी कधी खोटं बोलले न्हाय गं. आणि शेवटचं जे बोलले ते सगळं खोटं. आंधळ्या माणसाला फसवलं मी. वर्ष झालं, मला प्रार्थनेला बसवत न्हाय."

मी काय केलं? मी बशी गुंडाळली. कारण मी एका माणसाला शब्द दिला होता. चार भिंतींत, बाईंच्या डोळ्यांत बघून तो मोडणं मला जमलं नाही. चार माणसांसमोर उभं राहून बोलायची मला सवय आहे, म्हणून आज इथे मोडते.

बाई, त्या दुपारी तुम्ही चहा ठेवायला आत गेलात तेव्हा अंकलनी मला जवळ बोलावलं. हळू आवाजात म्हणाले, "कृतिका, लय लांब पडलं काय गो?"

मी पडद्यावरच्या लाल अक्षरांकडे पाहिलं.

ते म्हणाले, "टायर जमिनीला लागलं की किंचाळतं. तो आवाज मी नोकरीभर ऐकला. आज आला न्हाय. पन तिनं किती नीट वाचलं बघ, शेवटपर्यंत. मी सगलं बघितलं तिच्या आवाजात. पट्टी, पॅराशूट, सगलं." मग माझा हात धरून म्हणाले, "तिला सांगू नको मला कललं म्हणून. तिला वाटू दे मी उतरलो."

बाई, त्यांना माहीत होतं. तुम्ही कोणालाही फसवलं नाहीत.

...शर्लिन, आईजवळ बस जरा. कोणीतरी पाणी द्या. नाही, टाळ्या नकोत. कृपा करून टाळ्या नकोत.

पाटीलसाहेब, आपण दिलेल्या वेळेपेक्षा मी जास्त घेतला, आणि आनंदाच्या सभेत हे बोलावं की नाही, याचाही विचार केला नाही. संस्थेने बोलायची संधी दिली, मंडळींनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात कुणाचं मन दुखावलं असेल, मर्यादा सुटली असेल, तर ती चूक माझ्या पदरात घाला. मार्क अंकल, तुमचा शब्द मोडला, तुम्हीही पोटात घाला.

बाई, मस्कतला सुखरूप जा. आणि तिथे पोचल्यावर, बसवलं तर, प्रार्थनेला बसा.

नमस्कार.